एसएमपीएसच्या लेबलावरचा आकडा

माळशिरसहून आम्ही बोलतोय. मागच्या खेपेला आम्ही चटणीच्या पाकिटावर काय काय छापायचं ते सांगितलं होतं. त्यावर फोन पुष्कळ आले, पण लेबलाबद्दल एकच. बाकी सगळ्याजणी विचारत होत्या, "तुमच्या गटाचा कम्प्युटर जळाला म्हणे. खरं का?"

खरं आहे. सगळा नाही जळाला, पण धूर निघाला, वास सुटला आणि सहा महिन्यांचा हिशेब गेला. गावात बोलणं झालंच आहे, तर आता आमच्याच तोंडून नीट ऐका. शिवाय हल्ली बऱ्याच गटांकडे, ग्रामसंघांकडे जुना का होईना एक डेस्कटॉप आला आहे, आणि "यात ग्राफिक कार्ड टाका, पळायला लागेल" असं सांगणारं कोणी ना कोणी भेटतंच. आम्हालाही भेटलं.

आमचा कम्प्युटर जुना. पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसातून निघालेला, गटाने १३,५०० रुपयांना घेतलेला. आत चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. घेतला तो हिशेब लिहायला आणि लेबलं छापायला. पण गटात एक धाकटी सूनबाई आली. बारावी झालेली, माहेरी एमएस-सीआयटी केलेली. तिने मोबाईलवर लग्नाची व्हिडिओ पत्रिका करून दाखवली. गणपती येतो, फुलं पडतात, वधू-वरांचं नाव, हळद किती वाजता, लग्न कुठल्या कार्यालयात, सगळं एका मिनिटात, सनईसकट. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू, आणि आता छापील पत्रिका शंभर आणि व्हिडिओ सगळ्या गावाला, अशी रीत पडली आहे. एका पत्रिकेचे ६०० रुपये. पापडाच्या किती किलोमागे ६०० रुपये सुटतात ते तुम्हाला सांगायला नको.

मोबाईलवर एक-दोन करता येतात, रोज नाही. मग ती कम्प्युटरवर करायला बसली. आणि मशीन रडायला लागलं. एक मिनिटाची पत्रिका तयार करून बाहेर काढायला पंचवीस मिनिटं. तेवढ्यात माऊस हलत नाही, दुसरं काही उघडत नाही. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं, त्याला आत्याचं नाव आधी आणि मावशीचं नंतर पाहिजे, की परत पंचवीस मिनिटं.

तेव्हा एका दुकानात विचारलं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण चूक एकट्याची नव्हती. त्यांनी सांगितलं, ग्राफिक कार्ड टाका. वापरलेलं एक आहे, जीटीएक्स १०६०, अकरा हजाराला देतो.

ग्राफिक कार्ड म्हणजे काय, ते आमच्या काकींना आम्ही असं सांगितलं होतं. प्रोसेसर हा लग्नातला मुख्य आचारी. हुशार, सगळं येतं त्याला. पण पाचशे माणसांच्या पोळ्या त्याने एकट्याने लाटायच्या म्हटलं तर पंगत उठायची नाही. त्यासाठी आपण वाड्यात पंधरा-वीस बायका ओळीने बसवतो. प्रत्येकीला काम एकच, पण सगळ्या एका वेळी करतात. ग्राफिक कार्ड म्हणजे ती पोळ्या लाटणाऱ्या बायकांची ओळ. पडद्यावरचे लाखो ठिपके, प्रत्येकाचा रंग ठरवायचा, ते काम ती ओळ वाटून घेते. व्हिडिओला म्हणून त्याचा उपयोग होतो.

काकी म्हणाल्या, "बरं. पण त्या बायकांना चुली किती लागतील?"

मैत्रिणींनो, हाच प्रश्न होता. आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

कार्ड बसवलं. त्या कार्डाला मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणारी वीज पुरत नाही, त्याला वरून वेगळी सहा पिनांची वायर जोडावी लागते. आमच्या मशीनमध्ये ती वायरच नव्हती. आता आपण काय समजायला पाहिजे होतं? की कंपनीने तशी वायर दिलेली नाही, म्हणजे तेवढं ओझं या मशीनवर टाकायचं नाही. पण दुकानातून दीडशे रुपयांची जोडवायर मिळाली. एका बाजूला हार्डडिस्कला वीज देणारा चपटा प्लग, दुसऱ्या बाजूला सहा पिना. बसली फट्कन. पडदा उजळला, पत्रिका चार मिनिटांत बाहेर आली, आम्ही पेढे वाटले.

अकराव्या दिवशी, संध्याकाळी, एका पाठोपाठ तीन पत्रिका काढत असताना मशीन बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. तिसऱ्यांदा चालू केलं तेव्हा प्लास्टिक जळाल्याचा वास. धाकटीने पाठीमागचं बटण बंद करून वायर ओढली, म्हणून बरं. कॅबिनेट उघडलं तर ती जोडवायर जिथे चपट्या प्लगमध्ये घुसते, तिथे प्लग वितळून तपकिरी झाला होता. एसएमपीएस मेला होता. त्याच वायरीवर पुढे हार्डडिस्क होती, तीही गेली.

हार्डडिस्कमध्ये गटाचा सहा महिन्यांचा कर्जाचा हिशेब होता. कोणी किती उचललं, कोणाचा कितवा हप्ता, व्याज किती. शिवाय घेतलेल्या सात पत्रिकांचं काम.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही, हे काही वाढवून सांगत नाही. बचत गटात पैशापेक्षा नाजूक वस्तू म्हणजे हिशेब. एकदा एखादीच्या मनात आलं की आपला हप्ता लिहिला गेला नाही, की गट संपला. आणि कार्ड घ्यायचा आग्रह आमचा होता, ठरावावर पहिली सही आमची होती.

दुसऱ्या दिवशी काकींनी घरातून लाल कापडात बांधलेली वही आणली. आम्ही कम्प्युटरवर हिशेब सुरू केला तेव्हा त्यांना सांगितलं होतं की आता वहीची गरज नाही. त्यांनी मान डोलावली होती आणि वही चालूच ठेवली होती. प्रत्येक हप्ता, तारीख, समोर सही नाहीतर अंगठा. दोन रविवार बसून आम्ही चौघींनी त्या वहीवरून सगळा हिशेब परत उतरवला. एका रुपयाचा फरक नाही.

नुकसान मात्र झालं, तेही सांगतो. दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही, वापरलेला माल म्हणून. ते दुसरीकडे साडेसात हजाराला गेलं, म्हणजे साडेतीन हजार बुडाले. सात पत्रिकांचे आगाऊ घेतलेले प्रत्येकी ३०० रुपये परत केले, ते २,१०० झाले. ऐन सराईत. बैठकीत एक मावशी उभ्या राहून धाकटीलाच बोलल्या, "तुझ्या नादानं झालं." तिने मान खाली घातली. ते आम्हाला फार लागलं, कारण तिने फक्त काम वेगाने व्हावं म्हटलं होतं. अकरा हजार कशात घालायचे ते आम्ही ठरवलं होतं. आम्ही तसं बैठकीत बोललो आणि इतिवृत्तात लिहिलंही.

मग आम्ही ठरवलं की झालं ते का झालं ते समजून घ्यायचं. आम्ही कला शाखेच्या बीए. अँपिअर हा शब्द दहावीच्या विज्ञानात शेवटचा वाचला होता. पण गटातल्या एकीचा भाचा अकलूजला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकतो. त्याने आम्हाला एका दुपारी शिकवलं, आणि शिकवायला डीपीपासून सुरुवात केली.

आपल्या भागात डीपी कोणाला माहीत नाही? नीरा कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, विहिरी, बोअर. एका डीपीवर आधी सगळ्यांच्या तीन एचपीच्या मोटारी. मग एकाने पाचची बसवली, त्याचं बघून दुसऱ्याने साडेसातची. डीपी तेवढाच. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्या एकदम चालू झाल्या की एके रात्री डीपी उडतो, मग वर्गणी काढा, खेटे घाला, तोवर ऊस वाळतो. मोटार जळाली तर एकाचं नुकसान, डीपी जळाला तर सगळ्यांचं.

कम्प्युटरच्या डब्यातला डीपी म्हणजे एसएमपीएस. आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्यात, पाठीमागे वायर जिथे लावतो, तिथली पत्र्याची चौकोनी पेटी. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टची करून सगळ्यांना वाटते. तिच्या अंगावर एक लेबल असतं. आमच्या पेटीवर लिहिलं होतं २४० वॅट. आम्ही वर्षभर ते मशीन वापरत होतो, ते लेबल कधी वाचलं नव्हतं. चटणीच्या पाकिटावर लेबल कसं असावं ते रेडिओवरून सांगणाऱ्या आम्ही!

त्या लेबलावर १२ व्होल्टच्या पुढचा अँपिअरचा आकडा बघायचा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, दोघांची मुख्य ओढ त्याच रांगेवर असते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. समजा १२ व्होल्टपुढे १८ लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. बाजारात स्वस्तातल्या पेट्या मिळतात, वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला असेच १६-१८ अँपिअर. मोठं अक्षर सोडा, बारीक वाचा. पेढीच्या कर्जाच्या कागदालाही हेच लागू आहे, पण तो आजचा विषय नाही.

आता कार्डांचं. मदरबोर्डावर कार्डाची जी लांब खाच असते, ती जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला वरून वायर. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅटसाठी, आठ पिनांची १५० साठी. आमचं ते १०६० कार्ड १२० वॅटचं. कंपनी सांगते, त्याला ४०० वॅटचा एसएमपीएस पाहिजे. आमचा २४०चा.

आणि ती दीडशे रुपयांची जोडवायर? हार्डडिस्कच्या चपट्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात. एकेक पीन दीड अँपिअर सोसते. तिघींचे मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ७५ वॅटसाठी असलेली सहा पिनांची वायर आम्ही ५४ वॅटच्या प्लगला बांधली होती. पाच एचपीची मोटार घरातल्या मिक्सरच्या पिनवर लावल्यासारखं. वितळणार नाही तर काय होईल? एवढं एक लक्षात ठेवा बायांनो : चपट्या प्लगमधून सहा पिना काढणारी जोडवायर कोणी फुकट दिली तरी लावू नका.

"मग मोठा एसएमपीएस टाका ना," असं तुम्ही म्हणाल. साध्या जोडलेल्या मशीनमध्ये तसं करता येतं, चांगला घ्यावा आणि टाकावा. पण आमच्यासारखे ऑफिसातून निघालेले कंपनीचे डबे असतात, त्यात पुष्कळदा मदरबोर्डाला जाणारा प्लग नेहमीचा २४ पिनांचा नसतो, कंपनीचा वेगळाच असतो. काही डब्यांत पेटीचा आकारही वेगळा. बाजारातली पेटी आणली तर बसतच नाही, नाहीतर आणखी एक जोडवायर. जोडवायरीचं नाव काढलं की तेव्हा आमच्या बैठकीत सगळ्याजणी एकदम नाही म्हणायच्या. म्हणून आम्ही तसल्याच मशीनमधून निघालेला तसाच २४० वॅटचा एसएमपीएस ९०० रुपयांना आणला. म्हणजे डीपी तेवढाच राहिला, मोटार आता त्याच्या मापाची बघायची.

भाच्याने एक छोटा मीटर आणून दिला. भिंतीतल्या पिनमध्ये मीटर, मीटरमध्ये कम्प्युटर. किती वॅट ओढतोय ते समोर दिसतं. सातशे रुपयांना मिळाला. आमच्या मते गटाने घेतलेली सगळ्यात शहाणपणाची वस्तू ती. कार्ड न लावता नुसता चालू ठेवला तर ३५ वॅट. पत्रिका बाहेर काढायला लावली की ९०. त्यातलेही काही एसएमपीएस स्वतः गरम होण्यात खातो, म्हणजे आत त्याहून कमीच जातात. प्रोसेसरच्या कागदावर ८४ वॅट लिहिलेले आहेत, ते धरून आम्ही घाबरलो होतो. प्रत्यक्षात आमच्या कामाला तेवढे लागत नव्हते.

पण कार्ड लगेच घेतलं नाही. काकींनी घेऊ दिलं नाही. त्या म्हणाल्या, आधी स्वस्तातलं बघा. ते बरोबर निघालं. हार्डडिस्क गेलीच होती, तिच्या जागी १,७०० रुपयांची एसएसडी टाकली. रॅम चारची बारा जीबी केली, वापरलेली आठ जीबीची पट्टी १,३०० रुपयांना. आणि भाच्याने व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण बदलली. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरच्या पोटातच एक लहान ग्राफिक असतं, व्हिडिओ बाहेर काढायचं काम ते करू शकतं, त्याचं नाव क्विक सिंक. आमच्यातही ते पहिल्या दिवसापासून होतं. कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पंचवीस मिनिटांची पत्रिका सात मिनिटांवर आली. तीन हजारांत!

आमचं स्पष्ट मत सांगतो. तुमचं काम हिशेब, पत्रं, लेबलं, ऑनलाइन अर्ज एवढंच असेल तर ग्राफिक कार्डाला हातही लावू नका. इंकस्केपमध्ये लेबल काढायला कार्ड लागत नाही. रॅम आणि एसएसडी टाका आणि बैठक संपवा.

सात मिनिटांवर काकी खूश होत्या. "सात मिनिटांत चहा होतो, गिऱ्हाइकाला चहा पाजा." पण धाकटीचं म्हणणं वेगळं होतं. पत्रिका बाहेर काढायचा वेळ कमी झाला, पण करताना पडद्यावर फुलं अडखळत पडतात, गिऱ्हाइकाला बघता येत नाही, आणि अवघड पत्रिका घेताच येत नाहीत. दोघींचंही खरं होतं. ठरलं असं की सराई होऊ द्या, पत्रिकेच्या पैशातून जे उरेल त्यातून कार्ड, बचतीला हात नाही. ज्या मावशी आधी बोलल्या होत्या त्यांनीच हा मुद्दा मांडला. मेच्या शेवटी पैसे जमले.

आता कोणतं? आमच्यापुढे दोन होती. एक जीटी १०३०, फक्त ३० वॅटचं. आमच्या एसएमपीएसला ते कळलंही नसतं. पण त्यात एक खोच आहे. व्हिडिओ बाहेर काढायचं यंत्र त्या कार्डात नाही. म्हणजे पत्रिका बघताना सोपं जाईल, काढताना त्याची मदत नाही. शिवाय ते दोन प्रकारच्या मेमरीत येतं, डीडीआर-फोर आणि जीडीडीआर-फाइव्ह. नाव एकच, पण डीडीआर-फोरवालं बरंच हळू. घेणार असाल तर खोक्यावरचं वाचून जीडीडीआर-फाइव्हच मागा.

दुसरं जीटीएक्स १६५०. हे ७५ वॅटचं, म्हणजे खाचेतून मिळते तेवढीच वीज. यात व्हिडिओ काढायचं यंत्र आहे. पण यातही काही कार्डांना वर सहा पिनांची जागा असते, काहींना नसते. नाव तेच. आम्ही दुकानात कार्ड हातात घेऊन चारी बाजूंनी बघितलं, पिना नसलेलं निवडलं. वापरलेलं, सात हजाराला. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं काय बघताय, भाजी आहे का?" आम्ही म्हटलं, भाजी सुद्धा बघूनच घेतो.

हिशेब असा मांडला. मीटरवर ९०, त्यात कार्डाचे ७५, झाले १६५. एसएमपीएस २४०चा. गटाने स्वतःपुरता नियम केला होता की तीन चतुर्थांशाच्या वर जायचं नाही, म्हणजे १८०. त्यात बसत होतं. इथे एक गोष्ट लपवत नाही : कंपनी या कार्डाला ३०० वॅटचा एसएमपीएस सांगते. कोणाच्या घरात कसली पेटी असेल, किती मोठा प्रोसेसर असेल, हे कंपनीला माहीत नसतं, म्हणून ती हात राखून सांगते. आम्ही त्याच्या खाली गेलो ते मीटर लावून, आकडा बघून गेलो. मीटर नसेल, पेटी बिननावाची असेल, तर कंपनीचं ऐका.

बसवायच्या आधी मुख्य वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, मग कार्डाला हात लावला. एसएमपीएसची पेटी मात्र कधीच उघडायची नाही, वायर काढलेली असली तरी. आत वीज साठून राहते, जोराचा झटका बसू शकतो.

कार्ड बसलं, मशीन चालू केलं, आणि पडदा काळा. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. झालं काय होतं, आमचा मॉनिटर जुना, निळ्या प्लगचा, पंधरा छिद्रांचा. नव्या कार्डांना तो प्लग नसतोच. वायर आम्ही जुन्याच जागी मदरबोर्डात खोचली होती, आणि कार्ड बसल्यावर मशीनने तिकडून चित्र देणं बंद केलं होतं. साडेतीनशे रुपयांचा एचडीएमआयचा व्हीजीए करणारा कन्व्हर्टर आणला तेव्हा गणपती दिसला. तुमचा मॉनिटर निळ्या प्लगचा असेल तर हे साडेतीनशे आधीच धरा. डबा बारीक, आडवा ठेवायचा असेल तर कार्डही बुटकं लागतं, साधं आत मावत नाही. पट्टी घेऊन माप काढून जा.

मग भाच्याने अर्धा दिवस पत्रिका एकामागून एक काढायला लावल्या आणि मीटरपुढे बसला. १४८, १५५, १५२. एकदा १६० दिसले. वर गेला नाही. दर तासाला मशीन बंद करून प्लगना हात लावून बघितलं, कोमट सुद्धा नव्हते. पत्रिका आता तीन मिनिटांत होते आणि फुलं सरळ पडतात. सहा तास असं जोरात चाललं तर एक युनिट जळतं, म्हणजे बिलाचीही फार धास्ती नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक यूपीएसची. आमचा ६०० व्हीए लिहिलेला आहे, पण व्हीए म्हणजे वॅट नव्हे. खाली बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलं आहे. कम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १८०, तो पेलतो. पण कार्ड टाकल्यापासून लाईट गेली की आधी दहा मिनिटं टिकायचा, तो आता पाच. तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर लावायचा नाही, तो तापताना एकदम ओढतो.

दुसरी अर्थिंगची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? पुष्कळ घरांत येतात आणि आपण चप्पल घालून बसतो. बहुधा बोर्डाला अर्थिंग नसतं, म्हणून ते होतं. कार्ड, रॅम सगळं नंतर, आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. आमच्या ऑफिसात मागच्या अंगणात खड्डा घेऊन केलं, त्या दिवसापासून झिणझिण्या गेल्या.

आणि जुन्या मशीनवर किती घालायचं यालाही हद्द ठेवा. चौथ्या पिढीच्या या मशीनवर विंडोज ११ कंपनीच्या नियमाने चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आमच्या मशीनवरून बँकेचं काम करणं आम्ही बंद केलं, ते आता दुसरीकडून करतो. यावर फक्त पत्रिका आणि लेबलं. कार्ड उद्या दुसऱ्या डब्यात जाईल, म्हणून त्यात घातलेले सात हजार आम्हाला जड वाटले नाहीत.

हिशेब कम्प्युटरवरही आहे, दर शनिवारी पेनड्राइव्हवर उतरवतो. काकींची वहीही चालू आहे. तिला आता कोणी नको म्हणत नाही. उलट धाकटी त्यांच्याकडून ती वही कशी लिहायची ते शिकते आहे, कारण काकींना मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं आहे.

मीटर आमच्या ऑफिसच्या कपाटात असतो. ज्या गटाला पाहिजे त्याने चार दिवस घेऊन जावा, वहीत नाव लिहून. मशीन उचलून आणायची गरज नाही. पाठीमागच्या पेटीच्या लेबलाचा मोबाईलवर फोटो काढा, बारीक अक्षरं वाचता येतील असा, आणि मॉनिटरच्या प्लगचा एक. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी आमची बैठक असते, तेव्हा या. भाचा सुट्टीवर असला तर तोही असेल, नसला तर धाकटी आहे. ती आता त्याच्यापेक्षा नीट समजावून सांगते. नमस्कार.